सकाळीच काढलेली मूठ

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा राज्य कुणाचं होतं हे आता कुणालाच सांगता यायचं नाही. पण डोंगर तेव्हाही होता आणि माणसांना भूक तेव्हाही लागत होती. लहानांनी ही गोष्ट ऐकावी, आणि मोठ्यांनीही, 'आम्हाला हे ठाऊक आहे' असं म्हणून मधूनच उठून जाऊ नये.

त्या डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. गावामागून एक वाट वळणं घेत वर चढायची, खिंडीतून पलीकडे उतरायची आणि दुसऱ्या मुलखात जायची. बैलांचे तांडे, मेंढरं, यात्रेकरू, माहेरवाशिणी, सगळे त्याच वाटेनं यायचे-जायचे.

गावात सुभानजी नावाचा एक मोठा शेतकरी राहायचा. नदीकाठची काळीभोर जमीन त्याची, खळी त्याची, बैलजोड्या त्याच्या. बायको लवकर वारली होती. घरात एकच लेक होती, सगुणा. लहानपणी तिला असा ताप भरला, की वैद्यानं हात टेकले. सुभानजी देवापुढं बसला आणि म्हणाला, "देवा, माझी पोर राहू दे. असं अन्नदान करीन, की दोन्ही मुलखांत कुणी पाहिलं नसेल!"

पोर राहिली.

सुभानजी काही लबाड माणूस नव्हता. त्या सुगीला त्यानं अंगणामागं जमिनीत खोल पेव खणलं, आतून काड लावलं, जोंधळ्यानं भरलं आणि तोंडावर दगडी झाकण ठेवून मातीनं लिंपून टाकलं. "हे नवसाचं," तो सगळ्यांना सांगायचा. पण पुढच्या वर्षी त्याच्या मनात आलं, एवढ्या मोठ्या नवसाला एकच पेव? शोभायचं नाही. म्हणून त्यानं आणखी एक भरलं. त्याच्या पुढच्या वर्षी पीक बेताचं आलं. कमी पिकलेल्या वर्षी दान कसं करायचं? मग एक वर्ष असं आलं, की खळ्यात रास मावेना. पण सगळ्यांच्याच घरी भरलेलं असताना खायला येणार कोण?

असं होता होता नवस तसाच राहिला आणि पेवं वाढत गेली. सगुणाही वाढली. तिचं लग्न झालं आणि ती खिंडीपलीकडच्या गावात नांदायला गेली.

त्याच गावात, जिथून डोंगराची वाट सुरू होते तिथं, ठकूमाय नावाची एक म्हातारी राहायची. ती लोकांची दळणं दळायची आणि त्यातून मिळेल त्यावर गुजराण करायची. पहाटे उठली, की जात्यापाशी बसण्याआधी ती आपल्या वाट्याच्या धान्यातली एक मूठ बाजूला काढायची. तिची आंबील करायची, आणि ते मडकं घेऊन वाटेवरच्या भोकराच्या झाडाखाली जाऊन बसायची. कुणी वाटसरू आला तर त्याला द्यायची. कुणीच नाही आलं, तर एखाद्या भटक्या गाढवाला, नाहीतर पाखरांना. मडकं संपलं, की ती कामाला लागायची. पावसात तेच, उन्हात तेच.

सुभानजी एकदा शेताकडे जाताना तिच्यापाशी थांबला.

"माय, एवढ्याशा मडक्यात कुणाकुणाचं पोट भरणार?"

"ज्याच्या पोटात जाईल त्याचं," ठकूमाय म्हणाली.

"अगं, द्यायचं तर भरभरून द्यावं. मी एकदाच देणार आहे, पण असं देणार आहे, की लोक बघत राहतील."

"दे की," म्हातारी हसून म्हणाली. "मी कुठं तुझा हात धरलाय?"

सुभानजी हसला आणि पुढं गेला. म्हातारी भली आहे, पण तिची झेप एवढीच, असं त्याला वाटलं.

मग ते वर्ष आलं.

डोंगराच्या अलीकडे पाऊस थोडाफार शिंपडून गेला. पलीकडच्या मुलखात मात्र आभाळ कोरडंच राहिलं. मृग गेला, आर्द्रा गेल्या, हस्तही गेला. विहिरींचे तळ दिसले. मग लोकांनी गुरं सोडून दिली, दारांना कड्या लावल्या आणि खिंडीची वाट धरली. एके दिवशी सकाळी सुभानजीनं ओसरीवरून पाहिलं, तर डोंगराच्या वाटेनं माणसं उतरत होती. डोक्यावर बोचकी होती, काखेत पोरं होती, आणि पाय ओढत ती खाली येत होती.

सुभानजीचं ऊर भरून आलं. हाच तो दिवस! यासाठीच तर इतकी वर्षं साठवलं! त्यानं आपला जुना सालदार म्हादबा याला हाक मारली. दोघांनी मिळून पहिल्या पेवाचं झाकण सरकवलं. आतली कोंडलेली हवा जाईपर्यंत म्हादबा थांबला, दिवा खाली सोडून पाहिला, मग आत उतरला आणि पहिली पाटी भरून वर आला. जोंधळा असा पिवळाधमक होता, जणू कालच खळ्यावरून उचललाय.

"धनी, किती काढू?" म्हादबानं विचारलं.

सुभानजीनं पाटीत हात घातला. मूठ भरली. आणि काय झालं कोण जाणे, ती मूठ त्याला सुटेना.

"आज राहू दे," तो म्हणाला. "आधी नीट चौकशी करू. खरे भुकेले कोण आणि सोंग करणारे कोण, हे कळायला नको?"

म्हादबानं पाटी परत खाली ओतली आणि झाकण लावलं.

दुसऱ्या दिवशी सुभानजीला वाटलं, एवढं मोठं अन्नदान करायचं तर मांडव हवा. तिसऱ्या दिवशी वाटलं, चांगला दिवस पाहायला हवा. मग वाटलं, पुढच्या वर्षीही पाऊस नाही आला तर? आत्ताच सगळं वाटून टाकलं, तर तेव्हा काय करायचं? रोज म्हादबा येऊन उभा राहायचा, आणि रोज सुभानजी म्हणायचा, "उद्या."

त्याचं त्यालाच नवल वाटायचं. तो लबाड असता, तर निवांत झोपला असता. पण त्याला झोप नव्हती. तो आपल्या हाताकडे बघायचा. धडधाकट हात! नांगर धरलेला, रेडा आवरलेला. आणि एवढीशी मूठ त्याला उघडता येत नव्हती.

एवढ्यात एक तांडेवाला खिंड उतरून आला. तो सुभानजीच्या ओळखीचा होता. ओसरीच्या पायरीवर बसून तो म्हणाला, "सुभानजी, वाईट सांगायला आलोय. तुमच्या सगुणाचं गाव उठलं. जावई गुरांना घेऊन नदीच्या खोऱ्यात गेलाय, अन् लेक तान्ह्या पोरीला घेऊन इकडं यायला निघाली म्हणतात. मी पुढं आलो. ती मागं कुठं आहे, ते काही दिसलं नाही."

सुभानजी उभ्याचा बसला. खिंड म्हणजे काही खेळ नव्हता. धट्ट्याकट्ट्या माणसालाही वाटेत मुक्काम करावा लागायचा. आणि पाण्याचे झरे तर आटलेले!

त्यानं भाकऱ्या करवून घेतल्या, फडक्यात बांधल्या, काठी घेतली आणि निघाला.

भोकराच्या झाडाखाली ठकूमाय बसली होती. तिचं मडकं तेवढंच होतं, पण आज तिच्या शेजारी आणखी चुली मांडलेल्या होत्या. गावातल्याच बायका होत्या. कुणाची आंबील, कुणाच्या कण्या, कुणाचं नुसतं ताक. सुभानजीला हे सगळं नीट दिसतही नव्हतं.

"माय, सगुणाला पाहिलंस?"

"इथवर नाही आली अजून," ठकूमाय म्हणाली. "वर जा, बाबा. वाटेत विचारत जा. माणसं आहेत वाटेत."

तो चढू लागला. पहिल्याच चढणीला समोरून एक बाई आली. कडेवर पोर होतं, आणि पोराची मान खांद्यावर कलंडली होती.  तिनं फक्त त्याच्या हातातल्या गाठोड्याकडे पाहिलं. सुभानजीनं गाठोडं छातीशी धरलं. हे सगुणासाठी आहे, तो मनात म्हणाला, आणि खाली मान घालून पुढं गेला.

वळणावर धूर दिसला. तिथं तीन दगडांची चूल होती आणि चुलीपाशी वरच्या वस्तीवरचा कुंभार बसला होता. लोक त्याच्याभोवती टेकले होते, आणि तो पळीनं प्रत्येकाच्या द्रोणात पातळ पेज घालत होता. सुभानजी ओळखायचा त्याला. पाण्यावाचून चाक बंद पडलेलं, घरात खाणारी तोंडं पुष्कळ. याच्याकडं वाटायला धान्य आलं कुठून?

"तुला इथं कुणी बसवलं?" सुभानजीनं विचारलं. "राजाचा हुकूम आहे का?"

"हुकूम कसला, सुभानजी? हे रोजचंच आहे."

"रोजचं?"

कुंभार पेज घालता घालताच बोलत होता. "एकदा बाजारातून येताना ताप चढला होता. खाली ठकूमायनं आंबील पाजली. काय देऊ म्हटलं, तर म्हणाली, मला काही नको, उद्यापासून घरात पहिली मूठ बाजूला काढ. कुणासाठी, ते विचारू नको, येईल तो. तेव्हापासून काढतो. एरवी भिकाऱ्याला जाते, नाहीतर चिमण्यांना. यंदा माणसं जास्त आली, म्हणून चूल उचलून वाटेवर आणली. एवढंच."

"पण तुझ्याच घरी कमी असताना..."

"कमीच आहे," कुंभार म्हणाला. "म्हणून मूठ लहान झालीय. पण काढायची राहत नाही. हाताला सवय झालीय ना."

तुमच्या लेकीसारखी कुणी इथवर उतरलेली दिसली नाही, असं कुंभार म्हणाला. सुभानजी पुढं निघाला. निघताना त्यानं वर पाहिलं आणि त्याचे पाय थांबले. वरच्या वळणावर धुराची एक बारीक रेघ होती. त्याच्याही वर दुसरी. आणि अगदी वर, जिथं डोंगर आभाळाला टेकतो तिथं, आणखी एक. जळणारा वणवा नव्हे. माणसानं पेटवलेल्या, जपलेल्या, लहान लहान चुलींचा धूर. सुभानजी जन्मभर त्या डोंगराखाली राहिला होता. त्यानं असं कधी पाहिलं नव्हतं.

मधल्या टप्प्यावर मध गोळा करणारा एक माणूस होता. त्याच्या घरी धान्याचा दाणा कधीच नसायचा. तो रानातले कंद उकडून सोलून देत होता. त्यालाही सुभानजीनं तेच विचारलं, आणि त्याच्याही तोंडून तेच आलं. कधीकाळी भोकराच्या झाडाखाली प्यायलेली आंबील, आणि तेव्हापासून रोज काढलेला वाटा.

"पण तुझ्याकडं मूठ काढायला धान्यच नाही," सुभानजी म्हणाला.

"नाही ना. म्हणून कंद काढतो. रोज खणलेल्यातला पहिला."

त्याच्यापुढं वाट दुभंगते. एक फाटा खिंडीकडे जातो, दुसरा दरीच्या काठाशी संपतो. वाऱ्यानं इतकी धूळ उठली होती, की पुढचं पाऊल दिसत नव्हतं. सुभानजी जागीच थबकला. तेवढ्यात धुळीतून आवाज आला.

"इकडं या, बाप्पा! वाट इकडं आहे! दगडाला हात लावा आणि या!"

आवाजाच्या रोखानं तो गेला. खडकाला पाठ लावून एक आंधळा म्हातारा बसला होता. ओठ फुटले होते, गळा बसला होता, पण थोड्या थोड्या वेळानं तो हाक देतच होता.

"बाबा, तुम्ही इथं कधीपासून?"

"रोज येतो," म्हातारा म्हणाला. "पूर्वी लोकांनी दिलेलं खायचो आणि मला वाटायचं, आपण काय देणार? आपल्याकडं आहे काय? मग ठकूमाय म्हणाली, आवाज आहे की. तेव्हापासून सकाळचा माझा आवाज वाटेचा. लेक गुणी आहे, मला इथं आणून सोडायचं त्यानं कधी चुकवलं नाही." एवढं बोलून तो पुन्हा ओरडला, "इकडं या, बाप्पा! वाट इकडं आहे!"

 सुभानजी वाकला, म्हाताऱ्याच्या पायांना हात लावला आणि पुढं चालू लागला.

खिंडीच्या माथ्यावर धनगरांचा वाडा होता. दगड रचून केलेल्या आडोशाला एक धनगरीण चुलीपाशी बसली होती. शेळ्यांची आचळं सुकलेली, तरी कुठून तरी निघालेलं थोडं दूध नाचणीच्या पेजेत घालून ती ढवळत होती. तिची स्वतःची पोरं बाजूला बसून वाट पाहत होती. आणि तिच्या मांडीला मांडी लावून, तान्हं लेकरू पदराखाली घेऊन, बसली होती सगुणा.

"आबा!"

सुभानजी लेकीपाशी वाकला. त्यानं लेकीच्या तोंडावरून हात फिरवला, नातीची इवलीशी मूठ हातात घेतली, आणि मग घाईघाईनं गाठोडं सोडलं. "खा, बाई, खा. तुझ्यासाठी आणल्यात."

"माझं झालं, आबा," सगुणा म्हणाली. "या ताईंनी आत्ताच दिलं." तिनं भाकऱ्यांकडे पाहिलं. "सगळ्या तशाच आणल्यात? वाटेत किती माणसं होती हो. दिल्या असत्यात, तरी चाललं असतं."

ती सहज बोलली. त्यात बोल लावणं नव्हतं. पण सुभानजीला ती कलंडलेली मान आठवली आणि त्यानं डोळे मिटून घेतले.

"तू एवढा डोंगर चढलीस कशी?" मग त्यानं विचारलं.

"मला वाटलंच नव्हतं चढेन असं. पहिल्या चढणीलाच पाय गेले होते. पण एका चुलीपाशी बसले, घोटभर पोटात गेलं, की वरच्या चुलीचा धूर दिसायचा. म्हणायचे, तेवढंच जाऊ. मग तिथून पुढचा दिसायचा. चला, तुम्हीच बघा."

तिनं त्याला माथ्याच्या कडेला नेलं. पलीकडच्या उतारावरही धुराच्या रेघा होत्या. खाली, दूर, जिथं दुष्काळाची करडी जमीन सुरू होते तिथपर्यंत. या वाटेनं कधी अलीकडे आलेले मेंढपाळ, यात्रेकरू, ओझी वाहणारे. सगळे कधी ना कधी त्या एका झाडाखाली टेकलेले. आणि आपापल्या घरी परत जाऊन, कुणाला न सांगता, रोज सकाळी काहीतरी बाजूला काढणारे. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं. कुणी दवंडी पिटली नव्हती. वेळ आली तेव्हा जो तो आपली चूल घेऊन वाटेवर आला होता, आणि आपल्या पुढं-मागं आणखी कुणी असेल, हे निघताना त्यांतल्या कुणालाही ठाऊक नव्हतं.

सुभानजीनं हात जोडले. कुणाला, ते त्यालाही कळलं नाही.

मग तो धनगरिणीपाशी आला. "बाई, माझी लेक वाचवलीस. काय देऊ तुला? मागशील ते देतो."

ती गोंधळली. "मी कुठं वाचवली? ती मूठ सकाळीच काढून ठेवली होती. काढली तेव्हाच ती आमची राहिली नाही. तुमच्या लेकीची होती, ती तिनं खाल्ली. त्याचं मी काय घेऊ?"

लेकीला आणि नातीला घेऊन उतरताना सुभानजीनं सगळ्या भाकऱ्या वाटून टाकल्या. तान्ह्या पोराला कडेवर घेतलेली ती बाई त्याला सारा रस्ता शोधूनही पुन्हा दिसली नाही.

घरी येताच त्यानं पेवं उघडली. एक नाही, दोन नाही, हाताला लागतील तेवढी. धान्याच्या राशी अंगणात पडल्या. चुलाणं पेटली, पंगती बसल्या. सुभानजी घामानं निथळत स्वतः वाढत होता, रडत होता, हसत होता. इतकं सुख त्याला आयुष्यात कधी झालं नव्हतं. आता आपण बदललो, असं त्याला वाटलं.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो उठला, अंगणात आला, अर्ध्यावर आलेली रास पाहिली, आणि त्याच्या मनात आलं, 'काल जरा जास्तच झालं. आज थोडं थांबावं.'

तो दचकला. कालचा मी कुठं गेला? तो तसाच धावत भोकराच्या झाडाखाली गेला आणि ठकूमायसमोर बसला.

"माय, माझा हात पुन्हा जड झाला. लेक वाचली, डोळ्यांनी एवढं पाहिलं, तरीही. मी माणूस आहे की कोण आहे?"

ठकूमायनं हातातला द्रोण खाली ठेवला. "माणूस आहेस, म्हणूनच जड झाला. काल तू लेक सापडली म्हणून दिलंस. पूर आला होता तुला. पूर ओसरतो, बाबा. रोज प्यायला झराच लागतो."

"मग करू काय?"

"सकाळी उठल्यावर तोंड धुतोस ना?"

"धुतो."

"धुवायचं की नाही, हे मनाला विचारतोस?"

सुभानजीनं नाही अशी मान हलवली.

"मनाला विचारलं, की ते सबबी देतं," म्हातारी म्हणाली. "मला काय सबबी सुचत नाहीत होय? रोज सुचतात. आज सांधे दुखतात, आज पीठ कमी, आज कुणी येणार नाही. म्हणून मी त्याला विचारतच नाही. ते जागं व्हायच्या आत मूठ काढून मोकळी होते. तूही तसंच कर. किती द्यायचं ते तुझं तू बघ. पण रोज दे, आणि विचार करण्याआधी दे."

सुभानजी घरी गेला. तोंडही न धुता त्यानं पाटी भरली आणि अंगणाबाहेर नेऊन ठेवली. मन मागून ओरडत आलं, पण पाटी गेली होती.

पहिले काही दिवस फार कठीण गेले. रोज पहाटे मन त्याच्या आधी उठून बसायचं. कधी ते म्हणायचं, लोक आळशी होतील. कधी म्हणायचं, नातीचं पुढं कसं होणार? सुभानजी त्याच्याशी वाद घालत नसे. पाटी भरायचा आणि बाहेर ठेवायचा. हळूहळू मनाचा आवाज बारीक झाला. म्हादबाही 'किती काढू' असं विचारेनासा झाला. दोघं सकाळी उठायचे आणि कामाला लागायचे. एके दिवशी सगुणा म्हणाली, "आबा, शेवटचं पेव उघडलंत तुम्ही काल." सुभानजी बघतच राहिला. शेवटचं? झाकण काढताना त्याच्या ध्यानातही आलं नव्हतं.

बियाण्यापुरतं ठेवून बाकी सगळं गेलं. खिंड उतरून आलेलं कुणीही त्या गावातून उपाशी परत गेलं नाही. पुढच्या मृगात दोन्ही मुलखांवर पाऊस पडला. लोक आपापल्या घरांकडे परतले. जावई आला आणि सगुणाला, नातीला घेऊन गेला.

सुगी आली. घरोघर कणग्या भरल्या. वाटेवर भुकेला माणूस औषधालाही मिळेना. सुभानजीनं सवयीनं मूठ काढली आणि मडकं घेऊन तो वाटेवर जाऊन बसला. कुणीच आलं नाही.

"माय," त्यानं ठकूमायला विचारलं, "आता कुणाला देऊ?"

"येईल त्याला," ती म्हणाली.

उन्हं चढली. एक लंगडं कुत्रं आलं, वास घेतला आणि मडक्यात तोंड घातलं. सुभानजी ते पिऊन संपेपर्यंत शेजारी बसून राहिला. त्या दिवशी त्याला जे समाधान वाटलं, ते पंगती वाढल्या होत्या त्या दिवशीच्या समाधानापेक्षा कमी नव्हतं. त्यानं ते मनाशी ताडून पाहिलं, आणि त्याचं त्यालाच आश्चर्य वाटलं.

पुढं काही वर्षांनी ठकूमाय गेली. ज्या सकाळी ती गेली, त्या सकाळीही भोकराखालचं मडकं भरलेलं होतं. कुणी भरलं, ते कुणी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशीही भरलेलं होतं. तिसऱ्याही. तेव्हापासून तांडेवाले सांगत आले, की दोन्ही मुलखांत अशी एकच खिंड आहे, जिथं माणूस रिकाम्या हातानं शिरतो आणि रिकाम्या पोटी बाहेर पडत नाही.

सुभानजी खूप म्हातारा झाला. एकदा लांबच्या देशाचा एक प्रवासी त्याच्या चुलीपाशी टेकला. त्यानं ऐकलेलं होतं बरंच काही.

"आजोबा, दुष्काळात पेवं रिकामी केली, ते तुम्हीच ना? किती धान्य दिलंत हो तेव्हा?"

सुभानजीनं प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. कपाळाला आठ्या घातल्या. मग मान हलवली आणि द्रोण भरून पाहुण्याच्या हातात दिला.

"ते काही ध्यानात नाही, बाबा. आजची काढलीय, एवढं ठाऊक आहे. पी, गरम आहे तोवर."

तात्पर्य: एकदाच भरभरून देण्याची वाट पाहणारा हात मिटलेलाच राहतो, रोज मूठभर देणारा हातच वेळेला उघडतो.